त्रेचाळीस सेकंद

नारायण पेठ, पुणे
श्रावणातला दुसरा शनिवार

चि. … यास अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हे पत्र तू तुमच्या रॅप क्रूच्या ग्रुपवर टाकणार हे मला माहीत आहे, आणि तिथून ते कुठं कुठं फिरेल याचा नेम नाही. तुला कळलं म्हणजे झालं.

परवा रात्री पावणेदोनला तुझे अकरा स्क्रीनशॉट आले. मी सकाळी बघितले. पहिल्या आठांत लोकांच्या शिव्या, तुमच्या क्रूतल्या त्या पोराच्या नव्या सोलो अल्बमला, ज्याचे सगळे बीट, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, तुझे. ‘गडी तोच, बीटनं माती केली.’ ‘क्रूत होता तेव्हाच भारी होता.’ ‘दोन वर्षं थांबलो, ते ह्यासाठी?’ शेवटच्या तीनांत त्या पोराचे तुला आलेले जुने मेसेज. ‘भावा कडक.’ ‘हाच बीट फायनल.’ ‘आग आहे आग.’ आणि खाली तुझा प्रश्न: काका, हे स्टोरीला टाकू का?

नको टाकूस. का, ते फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू मधेच ‘हो काका, पण’ म्हणतोस आणि माझं बोलणं तिथंच अडकतं. म्हणून कागद घेतला. संध्याकाळी तसंही काही काम होत नाही. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झालाय, सहानंतर माइक उघडला की त्यात ताशा येतो.

तो परवा लाइव्हमध्ये काय बोलला ते मी ऐकलं. ‘मला पाहिजे तसे बीट मिळाले नाहीत.’ एकच वाक्य. त्यानंतर त्यानं विषय बदलला, पाणी प्यायला, केसांतून हात फिरवला. तुला ते वाक्य सुरीसारखं लागलं असणार. बारा गाणी, अकरा महिने, दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीवर फिरून रात्री एक ते चार लॅपटॉपपुढं बसायचं, आणि शेवटी हे. रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. रागाव. पण स्क्रीनशॉट पाठवायच्या आधी तू अल्बम पुन्हा एकदा सलग ऐकलास का? मी तीनदा ऐकला.

पहिल्यांदा स्टुडिओतल्या मॉनिटरवर, दिवे बंद करून. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात, ओट्यावर फोन ठेवून. तुझी काकू साबुदाणा परतत होती आणि मी दाण्याचं कूट करत होतो. तिसऱ्यांदा स्वारगेटहून कात्रजला जाताना पीएमटीत, खिडकीशी बसून, नातवाचे इयरफोन लावून. तिन्ही वेळा मला वेगवेगळा अल्बम ऐकू आला. लोक चिडलेत त्याचं निम्मं कारण तिथंच आहे. पण आधी दुसरं निम्मं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे.

जरा हिशेब कर. बीट ९० बीपीएमचा धर, आणि क्रूच्या गाण्यात एकेकाच्या वाट्याला सोळाच बार यायचे. एका बारमध्ये चार मात्रा, सोळा बारच्या चौसष्ट. मिनिटाला नव्वद मात्रांनी चौसष्ट मात्रा संपायला जेमतेम ४३ सेकंद लागतात. म्हणजे नदीपात्रातल्या सायफरपासून, त्या घोळक्यातल्या आळीपाळीच्या रॅपपासून, आजवर तुमच्या चाहत्यांनी ह्या पोराला एका गाण्यात ४३ सेकंद ऐकलंय. आणि ते तरी कसे? पहिला गडी जाड, घोगऱ्या आवाजाचा. दुसरा तोंडातल्या तोंडात बोलणारा. मग हा. वरच्या पट्टीतला, कानाला चिमटा काढणारा, शब्दाच्या शेवटी फणकारा सोडणारा. पहिले दोघं जमीन सपाट करून ठेवायचे आणि हा येऊन सुरुंग लावायचा. लोक त्याच्यासाठी थांबायचे, आणि त्या थांबण्यातली मजासुद्धा त्याच्याच खात्यावर जमा व्हायची.

अल्बम ३८ मिनिटांचा. भागाकार केला तर ५३ आले. तोच चिमटा त्रेपन्न वेळा. मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर खायचा असतो रे, वाटीभर नुसता नाही.

पोवाडा शाहीर एकटाच गातो असं लोकांना वाटतं. मागचे झीलकरी काढून टाक आणि मग ऐक. शाहिरानं ओळीचं टोक खाली सोडलं की ते उचलतात, ‘जी जी’ करून वर नेतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढच्या कडव्याचा पहिला शब्द आठवतो. ऐकणाऱ्यालाही घास गिळायला वेळ मिळतो. कीर्तनात बुवा दोन-दोन तास एकटे उभे असतात, पण मागं टाळकरी चाल धरायला असतात, पखवाज असतो. एकटा आवाज एकटा टिकत नाही, त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

तुमच्या क्रूत ह्याच्या ओळीचा शेवटचा शब्द बाकीचे तिघं ओरडायचे. तुम्ही त्याला अ‍ॅडलिब म्हणता, मी झील म्हणतो. अल्बमवर ती झील कुणी दिली? ह्यानंच. स्वतःच्याच आवाजामागं स्वतःचाच आवाज, डावीकडे एक, उजवीकडे एक, मधे मूळ. स्वयंपाकघरात काकू मला म्हणाली, ‘हा पोरगा एकटाच भांडतोय का?’ तिला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही, पण तुझ्या आठ स्क्रीनशॉटमधल्या एकाही माणसाला इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

आता तुझं. क्रूसाठी बीट करताना तू दर सोळा बारला काहीतरी बदलत होतास, कारण माणूस बदलायचा. कुणाला बेस जास्त, कुणाच्या वेळी नुसतंच किक आणि टाळी. ह्या अल्बममध्ये माणूस एकच म्हणून तूही एकच जागा धरून बसलास. बारातली सात गाणी १३८ ते १४२ बीपीएमच्या दरम्यान आहेत, मी मोजली. सातांपैकी पाच एकाच सुरात. प्रत्येक बीट सुटा ऐकला तर उत्तम आहे, त्याला ‘आग’ वाटले ते खोटं नव्हतं. तो एकेक बीट फोनवर ऐकत होता, एका वेळी एक, आठवड्याला एक. ओळीनं बारा कुणीच ऐकले नाहीत, ना त्यानं, ना तू. ते पहिल्यांदा चाहत्यांनी ऐकले, त्या शुक्रवारी रात्री बारानंतर.

तुझ्या फोनच्या कव्हरवर वू-टँगचं चिन्ह आहे, म्हणून त्यांचंच उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची नऊ जणांची रॅप टोळी, पहिला अल्बम १९९३चा. नऊ जण असल्यामुळं प्रत्येकाची भूक शिल्लक राहायची, ऐकणाऱ्याचीही. मग एकेकाचे सोलो आले. १९९५ला रेक्वॉनचा आला तेव्हा टोळीचे बीट करणाऱ्या आरझानं काय केलं बघ. नाव रेक्वॉनचं, पण बहुतेक गाण्यांत टोळीतलाच घोस्टफेस आहे, त्याचं नाव कव्हरवरसुद्धा आहे. सोलो म्हणायचा आणि दुसरा आवाज घरातच ठेवायचा. आजही लोक तो अल्बम डोक्यावर घेतात.

त्याच टोळीतला इन्स्पेक्टा डेक. १९९७च्या त्यांच्या एका गाण्याची सुरुवात त्याच्या व्हर्सनं, म्हणजे कडव्यानं, होते आणि हिप-हॉपमधल्या सगळ्यात भारी व्हर्सेसमध्ये लोक तो मोजतात. एका व्हर्सवर एवढं नाव. त्याच्या सोलोची वाट बघता बघता लोकांचे डोळे शिणले, कारण मधे आरझाच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि ढीगभर बीट वाहून गेले, त्यात डेकसाठीचेही होते. अल्बम आला १९९९ला, बहुतेक बीट दुसऱ्यांचे. लोक हिरमुसले. अल्बम वाईट आहे का? मला नाही वाटत. पण लोकांनी चार वर्षं डोक्यात एक अल्बम वाजवून ठेवला होता, आणि खऱ्या अल्बमची गाठ त्या डोक्यातल्या अल्बमशी पडली. तुमच्या पोरानं तारीख तीनदा पुढं ढकलली. प्रत्येक वेळी तो डोक्यातला अल्बम आणखी थोडा भारी झाला.

आता तुझ्या स्क्रीनशॉटचं. कॅनिबस नावाचा रॅपर होता. दुसऱ्यांच्या गाण्यांत दहा-वीस ओळी टाकून समोरच्याला सपाट करायचा, सगळे म्हणायचे की ह्याचा अल्बम आला की बाकीच्यांनी दुकान बंद करावं. १९९८ला आला. बरेचसे बीट वायक्लेफ जाँचे. सगळ्यांची एकच तक्रार, बीट. बरोबर तुझ्यासारखीच गोष्ट. २०००मध्ये दुसऱ्या अल्बमात ह्यानं नाव घेऊन वायक्लेफवर खापर फोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण दुसरा अल्बम पहिल्याइतकाही खपला नाही. पंचवीस वर्षं झाली, त्या माणसाच्या अल्बमचं नाव निघालं की आजही ते भांडण निघतंच. तू स्क्रीनशॉट टाकलेस तर लोक तुला खरा ठरवतील, आठ दिवस. त्यानंतर दोघांची नावं कायमची त्या भांडणाला चिकटतील. आणि पुढच्या ज्या पोराला तुझ्याकडून बीट घ्यायचाय, तो आधी विचार करील की हा आपलेही मेसेज जपून ठेवतो का.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतोय ते आता सांगतो. तुला मी हे कधी बोललो नाही.

साल १९९६. मी अठ्ठावीस वर्षांचा, आठ ट्रॅकचं स्पूल मशीन घेतलेलं, हप्ते चालू. एका शाहिरांच्या पथकात एक झीलकरी होता, चाळिशीचा. आवाज असा की जत्रेत लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेत पोचायचा. शाहीर त्याला कार्यक्रमात एक कडवं एकट्याला द्यायचे, आणि लोक त्या कडव्यासाठी बसून राहायचे. कुणीतरी म्हणालं, ह्याची स्वतंत्र कॅसेट काढा. मीच उडी मारली. आठ गाणी. आणि मी काय केलं? डफ-तुणतुणं गावठी वाटेल म्हणून मागं ढकललं, पुढं ऑक्टोपॅड आणला, कीबोर्डवर व्हायोलिनचे आवाज लावले, आणि त्याच्या गळ्यावर एवढा एको चढवला की गडी विहिरीत पडून गातोय असं वाटावं. मागं झील द्यायला माणसं घेतली नाहीत, कारण माणशी पैसे द्यावे लागले असते. तीही त्यालाच चार वेळा गायला लावली.

कळलं ना, तुझ्या अल्बमवरची झील मला पहिल्याच गाण्यात का ऐकू आली ते.

कॅसेट स्वारगेट स्टँडबाहेरच्या गाड्यांवर लागली. तीन महिन्यांनी पोत्यातून परत आली. जत्रेतली माणसं त्याला म्हणायची, ‘आवाज तुमचाच हाय, पण तुम्ही न्हाई त्यात.’ त्यानं गावात सांगितलं, पुण्याच्या पोरानं घात केला. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की ऑक्टोपॅड त्यालाच हवा होता. ऑर्केस्ट्रात बघितला होता आणि डोक्यात बसला होता. हे मी चार ठिकाणी सांगत सुटलो. तेव्हा स्क्रीनशॉट नव्हते, पण मंडईतल्या एका चहाच्या टपरीवर मी तेच काम केलं. गोष्ट फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. मग त्यानं पुन्हा कधीच रेकॉर्डिंग केलं नाही. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. पुढं कितीतरी वर्षांनी जेजुरीला सोमवतीच्या गर्दीत अचानक समोर आला. मला ओळखलं, ‘चहा घेतला का?’ एवढंच म्हणाला. कॅसेटचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही.

ते आठ ट्रॅक मी नंतर सोडवून बघितले असते. ऑक्टोपॅड बंद केला असता, एको काढला असता, डफ वर घेतला असता, चार झीलकरी बोलावले असते. पण स्पूल महाग असायची. पुढच्याच महिन्यात मी तिच्यावर गणपतीच्या आरत्या रेकॉर्ड केल्या. त्या माणसाचा गळा त्या आरत्यांच्या खाली कुठंतरी पुसला गेलाय. त्या आरत्या आजही ऐकवत नाहीत मला.

तुझ्याकडे सगळे स्टेम्स आहेत, एकेका वाद्याच्या आणि गळ्याच्या सुट्या फाइली. हार्ड डिस्कवर, वेगवेगळे, तारखेसकट.

आता ते तीन वेळा ऐकण्याचं. मॉनिटरवर तुझं काम छान लागतं, फक्त थकवतं. मीटर लावला तर अल्बम उणे सात एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा त्याचं माप) आसपास आहे. स्पॉटिफायसारखं अ‍ॅप त्याला आपोआप उणे चौदापर्यंत खाली ओढतं. म्हणजे इतकं दाबून चेपून तुला मोठा आवाज मिळालाच नाही, नुसती चेपलेली गाणी राहिली. ओट्यावरच्या फोनमध्ये तर तुझा ८०८, तो खालचा बेस, गायबच. तो दणका पन्नास हर्ट्झच्या आसपास बसवलायस, एवढ्याशा स्पीकरला तो वाजवताच येत नाही. मग उरतं काय? हाय-हॅट आणि त्याचे ‘स’ आणि ‘श’, दोन्ही एकाच उंचीवर किणकिणणारे. काकूला भांडण ऐकू आलं ते त्यामुळंही. बेसला जरासं सॅच्युरेशन दे, वरचे सूर उमटले की फोनवरही कान खालचा दणका स्वतःच भरून काढतो. हे तुला मी दोनदा सांगितलंय आणि दोनदा तू ‘हो काका, पण’ म्हणालायस.

आणि पीएमटीत? पीएमटीत नववं गाणं ऐकताना माझा स्टॉप चुकला. ज्यात तू नदीपात्रातला पाऊस रेकॉर्ड करून टाकलायस आणि खाली नुसती ढोलकी आहे, पोकळ, लांबून आल्यासारखी. त्यात तो ओरडत नाही. हुकमध्ये, म्हणजे धृपदात, थोडं गातो, ऑटोट्यूनवर. लोक त्यालाच म्हणतायत ‘विकला गेला’. मला हसू आलं. कुणाला विकला गेला? तुम्हा दोघांनी मिळून ह्या अल्बमवर जे कमावलं त्यात तुझ्या गाडीचं महिन्याचं पेट्रोलही येणार नाही. ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ला बिग बॉस जिंकला तेव्हापासून पर्वती पायथ्याच्या प्रत्येक रॅपरकडे कोट्यवधी आहेत अशी लोकांची समजूत झालीय. तसं वाटणाऱ्यांवर चिडू नकोस. नदीपात्रात चाळीस जण उभे असताना हा त्यांचा होता, नावानं हाक मारता यायची. आता त्याचं गाणं कुणाच्याही रीलला लागतं. त्यांचं काहीतरी गेलंय खरं. त्याला ते ‘विकला गेला’ म्हणतात, दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. पण ते गाणं अल्बमचं सगळ्यात चांगलं गाणं आहे, आणि तुम्ही ते नववं ठेवलंत. सहाव्यालाच लोक गेलेले होते.

एक तक्रार मात्र चाहत्यांची शंभर टक्के बरोबर आहे, आणि ती तुझ्या खात्यातली नाही. पाच गाणी हिंदीत का? क्रूत हा मराठीत रॅप करायचा. त्याच्या मराठीत दांडेकर पूल आहे, आजीच्या शिव्या आहेत, ‘ळ’वर जीभ वळवून यमक मोडायची खोड आहे. ‘गेला-केला-मेला’ असली सोपी क्रियापदांची यमकं तो कधी घ्यायचा नाही, शब्दाच्या पोटात यमक लपवायचा. हिंदीत गेला की तो मुंबईच्या कुणाचंतरी ऐकलेलं बोलतो. २०१९ला ‘गली बॉय’ आल्यापासून पुण्यातल्या किती पोरांनी ही बंबई हिंदी तोंडावर चढवली, मोजदाद नाही. हे त्याला सांगायला हवं, पण तू सांगायचं नाहीस. आत्ता तू सांगितलंस तर तो उलटून बोलेल. मी सांगीन.

लोकांचं ऐकायचं ते कसं, तेही सांगतो, कारण तू शिव्या मोजतोयस. ‘माती केली’ ह्या वाक्यातून बीटबद्दल काहीच कळत नाही. यूट्यूब स्टुडिओत जा, प्रत्येक गाण्याला लोक कुठल्या सेकंदाला निघून जातात त्याची रेष दिसते. दुसऱ्या गाण्याची उघड. मी पैज लावतो, दुसरा व्हर्स सुरू होतो तिथं ती घसरलेली असणार, कारण तिथं तू काहीच बदललेलं नाहीस, पहिल्या व्हर्सचाच लूप चालू ठेवलायस. मग सायफरला नियमानं येणाऱ्या तीन-चार पोरांना गाठ. ‘कसा वाटला’ विचारू नकोस, ते तोंडावर खोटं बोलतील नाहीतर लाजेनं जास्त वाईट बोलतील. विचार, कुठली ओळ पाठ झाली? क्रूच्या गाण्यांतल्या त्याच्या ओळी पोरांना पाठ आहेत. ह्या अल्बममधली एक जरी पाठ निघाली तरी ती कुठल्या गाण्यातली, तिच्याखाली तुझा बीट काय करतोय, ते लिहून ठेव. माझा अंदाज नवव्याचा आहे. चुकला तर चहा माझा.

अजून एक, कोरडं काम आहे पण भांडणात राहून जातं. कुठलं गाणं कुणी लिहिलं, कुणी बीट केला, कुणाचा किती वाटा, हे दोघांनी एका कागदावर लिहून सह्या करा. आयपीआरएसला, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, तूही नोंदणी कर. २०१२च्या दुरुस्तीपासून कायदा गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काच्या बाजूनं आहे, पण नावच लावलं नसेल तर कायदा तरी काय करणार? आत्ता रक्कम चहापुरतीसुद्धा नसेल. पण रुसलेले मित्र पाच वर्षांनी वाट्यावरून कसे बोलतात ते मी बघितलंय.

अल्बम काढून टाकायची भाषा करू नका. तोही म्हणत होता म्हणे, ‘डिलीट मारतो सगळं.’ आलाय तो राहू दे. मला वाटतं ते असं: त्या बारांतली पाच गाणी उचलायची. नववं, पहिलं, चौथं नक्की, बाकी दोन तुम्ही ठरवा. बीट उघडायचे, अर्ध्या जागा रिकाम्या करायच्या, वेग मोडायचा. आणि क्रूच्या तिघांना एक संध्याकाळ बोलवायचं. व्हर्स द्यायला नाही, सोलो त्याचाच राहू दे. फक्त ओळींची टोकं उचलायला. एका माइकभोवती तिघं उभे करून, एका टेकमध्ये, चुकलं तर चुकलं. ते आले तर नदीपात्रातला तो आवाज परत येईल की नाही ठाऊक नाही, पण काकूला तो एकटा भांडतोय असं तरी वाटणार नाही. पाच गाण्यांचं ते वेगळं म्हणून सोडा, किंवा आधी एखाद्या कार्यक्रमात वाजवून बघा. ते नंतरचं.

त्याला मी काल फोन केला होता. लाइव्हमधलं ते वाक्य काढलं नाही. गुरुवारी सकाळी स्टुडिओत ये, एवढंच म्हटलं. ‘तो असेल का?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, असेल. मग बराच वेळ काही बोलला नाही, मागं कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. येतो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

तू दहाला ये. सकाळी ढोल नसतात. हार्ड डिस्क आण, मूळ प्रोजेक्ट्ससकट, नुसते बाऊन्स, ती एकत्र केलेली तयार गाणी, नकोत. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बंद असेल, लांबून ये. आणि पाण्याची बाटली आण, गुरुवारी आमच्याकडे नळाला पाणी नसतं.

तुझा,
काका